व्रणोपचारक

नळ आठव्या दिवशी येतो, पहाटे चार ते पावणेसहा.
तेवढ्यात परसातला हौद काठोकाठ भरतो
आणि तिसऱ्या दिवशी चार बोटं,
पाचव्या दिवशी वीतभर
कुणी न उपसताच खाली बसतो.
सोजर म्हणाली, मिस्त्री बोलवा.
मी म्हणालो, हॅट.

एकतीस वर्षं कंधारच्या गुरांच्या दवाखान्यात काढली.
पगारपत्रकावर व्रणोपचारक,
माणसं डागदरच म्हणायची.
लाल कंधारीच्या फाटलेल्या वशिंडाला टाके घातलेत मी,
तारेत सोललेल्या आचळाला,
फाळानं उघडलेल्या मांडीला,
तेही जनावर लाथा झाडत असताना.
हौद काय, निमूट उभा असतो.

थापी, घमेलं, वॉटरप्रूफचं पाकीट,
छिन्नी शेजारच्या दस्तगीरची.
आत उतरलो. शेवाळ खरवडलं.
कोपऱ्यात भेग सापडली, केसाएवढी.
कडा कोरल्या, ओल्या केल्या, मसाला दाबून भरला,
वर सात दिवस ओलं पोतं.
खरं सांगतो, त्या सात दिवसांत बरं वाटत होतं.
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा
कुणाची तरी पट्टी बदलत होतो सकाळ-संध्याकाळ.

नळ आला. हौद भरला.
पाचव्या दिवशी वीतभर.

दुसऱ्यांदा पांढरं सिमेंट.
तिसऱ्यांदा डांबर; आठवडाभर
सोजरच्या वरणाला त्याचा वास.
पोरानं पुण्याहून व्हिडिओ पाठवला,
त्यातल्या माणसाच्या हातमोज्यांवर डागसुद्धा नव्हता.
चौथ्यांदा छिन्नी जरा खोल गेली
आणि सळई दिसली, गंजून फुगलेली,
हाड दिसावं तशी.

हाड दिसलं की आपण हात धुवायचे
आणि डॉक्टरसाहेबांना हाक मारायची.
पाठ होतं मला.
गुरांच्या बाबतीत.

पोशट्टी मिस्त्री सायकलवर आला.
पिशवीत एक हातोडी, एक चलनातून गेलेलं नाणं.
हौदाकडं बघितलंच नाही त्यानं आधी.
चपला काढून भोवतीनं फिरला, माती दाबत,
शेवग्यापाशी थांबला.
"ह्यो कवाचा?"
नऊ वर्षांचा, मी म्हणालो, आणि वर कौतुकानं,
बघा ना, मे महिन्यातसुद्धा कसा हिरवागार.
तो हसला नाही.
नाण्यानं भिंत वाजवत गेला,
टण, टण, टण,
बद्द.
माझ्या भेगेपासून तीन हात लांब,
जिथं मी बोटही लावलं नव्हतं.

खणलं तर मूळ निघालं, मनगटाएवढं,
हौदाच्या पोटाला तोंड लावून,
वासरासारखं.

कपाळ पुसत पोशट्टी म्हणाला,
"आदुगर कामून नाई बोलिवलं?"

हे वाक्य माझं होतं.
जखमेत चुना, राख, सेलमधली काळी पूड कोंबून
दहाव्या दिवशी बैल ओढत आणणाऱ्यांना
एकतीस वर्षं मी हेच विचारत आलो,
आवाज चढवून, चार माणसांत.
पेठवडजचा एक जण कासरा बोटाला गुंडाळत
खाली बघून म्हणाला होता,
वाटलं, जमंल.
त्याला तर मी आणखीच झापला होता.
बैलाचं पुढं काय झालं, आठवतं.
माणसाचं नाव आठवत नाही.

"वाटलं, जमंल," मी म्हणालो.

पोशट्टीनं माझा कोपरा अंगठ्यानं दाबून पाहिला.
"भरलंय तर झकास," म्हणाला. "जागा चुकली."
तीन दिवसांचं काम, सात हजार.
सळई त्याची, गिलावा त्याचा.
"मूळ तेवढं तुमी तोडा, डागदर.
झाड जगलं पाह्यजे. मला ते येत नाई."

संध्याकाळी करवतीचं पातं उकळून घेतलं.
सवय.
कापलेल्या तोंडाला गेरूचा लेप दिला,
तोडलेला तुकडा उगाच हातात धरून बसलो,
ओला होता, आमच्या नळाच्या पाण्यानं.

सोजर चहा घेऊन आली. किती म्हणतोय?
सात हजार, मी सांगितलं.
तिनं कप खाली ठेवला,
हौदात वाकून बघितलं, बराच वेळ.
"डांबर धरून?"